दादाजानचा आवाज

पेन ड्राइव्ह आज घरोघरी आणि शाळाशाळांत दिसतो. तो बिघडला की त्यातील सर्व माहिती गेली, असे आपण समजतो. परंतु बिघडणे आणि नष्ट होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मालेगावच्या एका मराठी शिक्षकांनी आपल्या हातून घडलेली चूक आणि तिच्यानंतरची धडपड या पाठात सांगितली आहे. पेन ड्राइव्हच्या आत काय असते आणि हरवलेली माहिती कशी शोधतात, हेही या पाठातून समजते.

मी मालेगावच्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो. शाळेच्या मागच्या गल्लीत यंत्रमाग आहेत. त्यांचा खडखडाट दिवसभर चालू असतो. नव्या माणसाला तो त्रासदायक वाटतो. आम्हाला मात्र तो बंद पडला तरच चुकल्यासारखे वाटते.

त्या वर्षी मी नववीच्या वर्गाला एक काम दिले होते. घरातील एखाद्या वडीलधाऱ्या माणसाची आठवण ऐकायची आणि ती मराठीत लिहून आणायची. दुसऱ्याच दिवशी एक मुलगी माझ्याकडे आली. ती वर्गात फारशी बोलत नसे.

"सर, माझ्याकडे दादाजानच्या आवाजातल्या आठवणी आहेत," ती म्हणाली. "अकरा आहेत. वर्गाला ऐकवू का?"

तिच्या दादाजाननी चाळीस वर्षे माग चालवला होता. शेवटच्या वर्षी ते अंथरुणाला खिळले. तेव्हा ही मुलगी रोज संध्याकाळी त्यांच्याजवळ बसे आणि अब्बांच्या मोबाईलवर त्यांचे बोलणे रेकॉर्ड करी. १८५७ च्या उठावानंतर उत्तरेकडील अनेक विणकर घरदार सोडून दक्षिणेकडे आले. त्यांतील काही कुटुंबे मालेगावात स्थायिक झाली. आपल्या आजोबांकडून ऐकलेली त्या प्रवासाची हकीकत दादाजान नातीला सांगत. मागच्या पावसाळ्यात ते वारले. त्याआधी तिने अकराही रेकॉर्डिंग एकाच दिवशी एका नव्या कोऱ्या पेन ड्राइव्हमध्ये उतरवून ठेवली होती. पुढे अब्बांनी तो मोबाईल देऊन दुसरा घेतला. म्हणजे दादाजानचा आवाज आता जगात एकाच ठिकाणी उरला होता. तो ड्राइव्ह करंगळीएवढा होता आणि त्याला लाल दोरी बांधलेली होती.

शनिवारी आम्ही सर्वजण संगणक कक्षात जमलो. मी ड्राइव्ह संगणकाच्या पुढच्या बाजूला लावला. अकरा नावे पडद्यावर दिसली. ऐकण्यापूर्वी वर्गाच्या उपक्रमाची यादी तिच्या ड्राइव्हमध्ये घालून द्यावी, असे मला वाटले. ती उतरत असतानाच मुलांची गर्दी पुढे सरकली. कुणाच्या तरी दप्तराचा पट्टा बाहेर आलेल्या ड्राइव्हला अडकला. ड्राइव्ह वाकला आणि त्याचा छोटा दिवा विझला.

मी तो सरळ करून पुन्हा लावला. पडद्यावर सूचना आली की, हा ड्राइव्ह वापरण्यापूर्वी फॉर्मॅट करावा लागेल. फॉर्मॅट करायचा का? मला वाटले, संगणक विचारतो आहे म्हणजे त्याला ठाऊक असेल. मी 'होय' म्हटले. पुढे आणखी एक इशारा आला. तो मी नीट वाचलाही नाही. थोड्याच वेळात ड्राइव्ह उघडला. तो चालतो की नाही हे पाहण्यासाठी मी स्नेहसंमेलनाची एक चित्रफीत त्यात टाकली. ती सुमारे ५० एमबीची होती. चित्रफीत छान दिसू लागली.

"बघ, झाला ठीक!" मी म्हणालो.

ती हळूच म्हणाली, "सर, अकरा फाईली कुठे आहेत?"

मी उत्तर देऊ शकलो नाही. गडबडीत ड्राइव्ह काढला, पुन्हा लावला. आता संगणकाला तो दिसेचना. दुसऱ्या संगणकावर लावला, तिसऱ्यावर लावला, तरी तेच. कुणी म्हणाले फुंकर मारा. शाळेच्या शिपायांनी तर तांदळाच्या डब्यात ठेवायला सांगितले! तो उपाय लोक भिजलेल्या मोबाईलसाठी करतात, आणि तिथेही त्याचा फारसा उपयोग होत नाही. इथे तर काही भिजलेही नव्हते.

संध्याकाळी मी तिच्या घरी गेलो. काय बोलावे ते सुचत नव्हते. तिच्या अब्बांनी मला बसवले, चहा मागवला आणि सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "सर, मागावर धागा तुटला की आम्ही आधी माग बंद करतो. तसाच चालू ठेवला तर पुढचे सगळे कापड खराब होते. आपण हा ड्राइव्ह आता कुठेही लावू नका."

संगणकाचे शिक्षण न घेतलेल्या त्या माणसाने अगदी योग्य तेच सांगितले होते. मला ते दुपारीच कळायला हवे होते.

नाशिकला बिघडलेल्या डिस्कमधून माहिती काढून देणारे एक कारागीर आहेत, असे शाळेतील संगणकाच्या शिक्षकांनी सांगितले. रविवारी आम्ही तिघे एस.टी.ने नाशिकला गेलो. ड्राइव्ह मुलीने रुमालात गुंडाळून हातात धरला होता. तीन तासांच्या प्रवासात तिने तो एकदाही पिशवीत ठेवला नाही.

कारागीर तिशीतले होते. त्यांनी प्रथम ड्राइव्हला हातही लावला नाही. त्यांनी विचारले, "काय झाले ते पहिल्यापासून सांगा. काही लपवू नका."

मी सांगितले. फॉर्मॅटचे सांगितले, चित्रफितीचेही सांगितले. चित्रफितीचे ऐकून ते क्षणभर थांबले. "फॉर्मॅटचे एवढे काही नाही," ते म्हणाले. "चित्रफीत टाकायला नको होती, सर."

असे का, हे समजण्यासाठी ड्राइव्हच्या आत डोकावले पाहिजे. त्यांनी वरचे प्लास्टिकचे कवच काढले आणि भिंगाखाली आम्हाला ड्राइव्ह दाखवला. आत बोटाच्या पेराएवढी हिरवी पट्टी होती. तिच्यावर दोन काळ्या चिप होत्या, एक मोठी आणि एक लहान. टोकाला संगणकात जाणारा धातूचा भाग होता. त्यात चार सोनेरी पट्ट्या असतात. एका कडेच्या पट्टीतून ५ व्होल्टची वीज आत येते, दुसऱ्या कडेच्या पट्टीतून ती परत जाते आणि मधल्या दोन पट्ट्यांतून माहितीची ये-जा होते. अशा जोडणीला आपण यूएसबी म्हणतो. तिचा पहिला नमुना १९९६ साली प्रसिद्ध झाला. ती तयार करणाऱ्या इंटेल कंपनीतील अभियंत्यांमध्ये अजय भट्ट हे प्रमुख होते. त्यांचे शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात झाले. पेन ड्राइव्ह बाजारात आले ते पुढे २००० साली. त्या वेळच्या ८ एमबीच्या ड्राइव्हमध्ये जेमतेम दोन गाणी मावत.

आमच्या ड्राइव्हच्या चार पायांपैकी दोन पायांचे सोल्डर तडकले होते. वाकल्यामुळे ते सुटले आणि वीज कधी पोचे, कधी पोचत नसे. म्हणूनच ड्राइव्ह दिसेनासा झाला होता. हा दोष डोळ्यांना भयंकर वाटतो, पण तो सर्वांत साधा. रस्ता तुटला म्हणून गाव नाहीसे होत नाही.

मोठी चिप म्हणजे गोदाम. माहिती तिथे असते. या प्रकारच्या स्मृतीला फ्लॅश मेमरी म्हणतात. जपानमधील तोशिबा कंपनीचे अभियंते फुजिओ मासुओका यांनी तिचा शोध लावला आणि १९८४ साली तो जगापुढे मांडला. यातील माहिती एका झटक्यात पुसता येते. ते पाहून त्यांच्या एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याच्या फ्लॅशची आठवण झाली आणि त्यावरून हे नाव पडले. आज पेन ड्राइव्हमध्ये असतो तो नॅन्ड नावाचा प्रकार त्यांनी १९८७ साली मांडला. चिपमध्ये अब्जावधी सूक्ष्म कप्पे असतात. प्रत्येक कप्प्याभोवती वीज न वाहू देणाऱ्या पदार्थाचा पातळ पडदा असतो. लिहिताना इलेक्ट्रॉन या पडद्यापलीकडे ढकलले जातात आणि तिथे कोंडले जातात. वीज बंद झाली तरी ते तिथेच राहतात. दादाजानचा आवाज म्हणजे अशा कोंडलेल्या इलेक्ट्रॉनांची मांडणी होती. मात्र हा पडदा अमर नाही. पुन्हा पुन्हा लिहिल्या-पुसल्याने तो झिजतो आणि पुष्कळ वर्षे गेली की इलेक्ट्रॉन थोडेथोडे निसटू लागतात. जुन्या ड्राइव्हमधील माहिती म्हणूनच कधीकधी हात न लावताही बिघडते.

लहान चिप ही या गोदामाची मुनीम. तिला नियंत्रक म्हणतात. हा मुनीम मोठा विचित्र आहे. चिपवर लिहिताना पानापानाने लिहिता येते, पण पुसताना एकच पान पुसता येत नाही. अनेक पानांचा सबंध गठ्ठा पुसावा लागतो. शिवाय एकाच जागी सारखे लिहिले तर ती जागा लवकर झिजते. म्हणून मुनीम माल आज या कोपऱ्यात, उद्या त्या कोपऱ्यात असा फिरवत ठेवतो. कोणते पान कुठे आहे, हे त्याच्याच वहीत लिहिलेले असते. संगणकाने मागितले की तो पाने गोळा करून सलग हातात देतो. संगणकाला वाटते, सगळे ओळीने ठेवलेले आहे. मुनीम जिवंत आहे तोवर सगळे सुरळीत चालते. तो मेला तर गोदाम शाबूत असूनही कुठल्या पानापुढे कुठले पान, हे सांगायला कुणी उरत नाही. मग मोठी चिप गरम हवेने उखडून वेगळ्या यंत्रात वाचतात आणि मुनिमाची पद्धत ओळखून पाने जुळवतात. त्या कामाला दिवस लागतात, पैसेही पुष्कळ लागतात आणि यशाची खात्री नसते.

"तुमचा मुनीम जिवंत आहे," कारागीर म्हणाले. त्यांनी दोन्ही पायांना नवे सोल्डर लावले. ड्राइव्ह जोडला. दिवा लागला. मुलीने अब्बांचा हात घट्ट धरला.

पण त्यांनी ड्राइव्ह उघडून पाहिला नाही. पुन्हा 'फॉर्मॅट करायचा का' असे काही विचारणारा संगणकच त्यांनी वापरला नाही. त्यांनी आधी सबंध ड्राइव्हची नक्कल करायला घेतली. नक्कल हा शब्द तुम्हाला परका नाही. उर्दूत तुम्ही 'नक्ल' म्हणता, तोच मराठीत नक्कल म्हणून आला आहे. जमिनीच्या कागदपत्रांची नक्कल आपण कचेरीतून आणतो, तशीच ही नक्कल. फरक एवढाच की, नेहमी आपण फाईलींची नक्कल करतो. इथे फाईली दिसतच नव्हत्या. म्हणून पहिल्या कप्प्यापासून शेवटच्या कप्प्यापर्यंत जे असेल ते, रिकाम्या जागेसकट, जसेच्या तसे दुसऱ्या मोठ्या डिस्कवर उतरवायचे. डीडीरेस्क्यू नावाची एक मोफत आज्ञावली हे काम करते. तिची रीत शहाण्या परीक्षार्थीसारखी आहे. जो भाग सहज वाचता येतो तो ती आधी वाचून घेते. जिथे अडते तिथे रेंगाळत नाही, खूण करून पुढे जाते. शेवटी मागे येऊन अवघड जागा पुन्हा पुन्हा वाचून पाहते. आजारी ड्राइव्ह केव्हा बंद पडेल याचा नेम नसतो. म्हणून सोपे आधी पदरात पाडून घ्यायचे. यानंतरची सगळी खटपट नकलेवर होते. मूळ ड्राइव्ह बाजूला ठेवून देतात.

आमचा ड्राइव्ह ८ जीबीचा होता, तरी मध्येमध्ये अडत असल्यामुळे या कामाला दोन तास लागले. तोवर कारागिरांनी आम्हाला एक हकीकत सांगितली.

१ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया हे अमेरिकेचे अंतराळयान पृथ्वीवर परत येताना आकाशातच फुटले. हरियाणातील कर्नाल येथे जन्मलेली कल्पना चावला आणि तिचे सहा सहकारी त्यात मरण पावले. यानाचे तुकडे टेक्सास आणि आसपासच्या भागांत विखुरले. काही महिन्यांनी त्या तुकड्यांत एक हार्ड डिस्क सापडली. झेनॉन वायूवरील एका प्रयोगाची माहिती तिच्यात होती. तिचे बाहेरचे भाग वितळले होते, आत धूळ शिरली होती. तज्ज्ञांनी तिच्या चकत्या स्वच्छ केल्या, दुसऱ्या यंत्रात बसवल्या आणि जवळजवळ ९९ टक्के माहिती परत मिळवली. त्या माहितीच्या आधारे लिहिलेला शोधनिबंध २००८ साली प्रसिद्ध झाला. यात नशिबाचाही भाग होता. ४०० एमबीची ती डिस्क सुमारे अर्धीच भरलेली होती आणि चकतीला जिथे इजा झाली होती, तिथे नेमके काही लिहिलेले नव्हते. शिवाय त्या संगणकाची जुनी पद्धत माहिती इकडेतिकडे न विखुरता सलग लिहीत असे.

मुलीने लगेच विचारले, "माझ्या फाईली सलग आहेत का?"

"तू त्या कोऱ्या ड्राइव्हमध्ये एकाच दिवशी टाकल्यास ना? मग बहुधा आहेत," ते म्हणाले. "हे तू फार चांगले केलेस, बेटा."

आता फॉर्मॅटने काय केले होते ते पाहू. तुमच्या पाठ्यपुस्तकाची अनुक्रमणिका कुणी फाडून नेली तर धडे नाहीसे होतात का? नाही. फक्त कोणता धडा कोणत्या पानावर आहे, हे सांगणारे पान जाते. ड्राइव्हच्या सुरुवातीलाही अशी अनुक्रमणिका असते. फाईलीचे नाव, ती कुठे सुरू होते आणि पुढचे भाग कुठे आहेत, हे तिच्यात लिहिलेले असते. आपण एखादी फाईल पुसतो तेव्हा बहुतेक ड्राइव्हमध्ये फक्त अनुक्रमणिकेतील तिच्या नावाच्या पहिल्या अक्षराच्या जागी एक खूण पडते आणि तिची जागा रिकामी म्हणून नोंदली जाते. मजकूर तसाच पडून राहतो. आपण नेहमी करतो ते झटपट फॉर्मॅट तर सबंध अनुक्रमणिकाच कोरी करते. मजकूर तरीही तिथेच असतो. मात्र आता ती जागा संगणकाच्या लेखी रिकामी असते. नवीन काही आले की तो ते खुशाल तिथे लिहितो. आणि कोऱ्या ड्राइव्हवर लिहायला तो बहुधा सुरुवातीपासूनच आरंभ करतो.

माझी चित्रफीत सुरुवातीलाच जाऊन बसली होती.

नक्कल पूर्ण झाली. आता नकलेतून फाईली शोधायच्या होत्या. अनुक्रमणिका नसताना त्या ओळखायच्या कशा? प्रत्येक प्रकारच्या फाईलीला स्वतःची एक ओळख असते. पीडीएफ फाईल टक्क्याचे चिन्ह आणि 'पीडीएफ' ही तीन इंग्रजी अक्षरे यांनी सुरू होते. छायाचित्राच्या फाईलीची पहिली काही चिन्हेही ठरलेली असतात. फोटोरेक नावाची एक मोफत आज्ञावली नक्कल पहिल्यापासून वाचत जाते आणि अशा ओळखीच्या खुणा शोधते. नावात फोटो असला तरी ती शेकडो प्रकारच्या फाईली ओळखते. दादाजानची रेकॉर्डिंग एमपी थ्री प्रकारची होती. हेही आमचे भाग्य. एमपी थ्री म्हणजे छोट्या छोट्या तुकड्यांची माळ असते. एक तुकडा सेकंदाच्या साधारण चाळिसाव्या भागाचा. प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला ओळीने अकरा 'एक' लिहिलेले असतात. त्यामुळे माळेचा पुढचा भाग तुटला तरी उरलेले मणी ओळखता येतात. दुसऱ्या काही प्रकारांत सुरुवात किंवा शेवट गेला की सगळीच फाईल मुकी होते.

पडद्यावर आकडे सरकू लागले. एक फाईल सापडली. दोन. चार. सात. मग बराच वेळ काही नाही. आठ. नऊ. नंतर आकडा हलला नाही.

सापडलेल्या फाईलींना नावे नव्हती. नावे अनुक्रमणिकेत असतात आणि ती मी पुसली होती. नावांच्या जागी लांबलचक क्रमांक होते. कारागिरांनी पहिली फाईल सुरू केली. खोलीत एक थकलेला, घोगरा आवाज आला. मागे यंत्रमागाचा खडखडाट होता. नाशिकच्या त्या दुकानात मालेगावची गल्ली आली. अब्बा उठून दारापाशी गेले आणि रस्त्याकडे पाहत उभे राहिले.

नऊपैकी आठ आठवणी पूर्ण होत्या. नववी अर्धवट होती. पहिल्या दोन मिळाल्या नाहीत. माझ्या चित्रफितीने पहिल्या दोघींची जागा घेतली होती आणि तिसरीचे सुरुवातीचे पान झाकले होते. पहिल्या आठवणीत दादाजाननी आपल्या आजोबांचे नाव आणि उत्तरेकडील गावाचे नाव सांगितले होते, असे मुलीने मला परतीच्या वाटेवर सांगितले. त्या आधी ती हे बोलली नव्हती.

मी कारागिरांना विचारले होते, "आणखी काही करता येणार नाही का?"

त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. मुनीम माल फिरवत असतो, त्यामुळे जुन्या पानांचा एखादा तुकडा आत कुठे तरी न पुसता राहिलेलाही असेल. पण तो पाहायचा तर चिप उखडावी लागेल, ड्राइव्ह कायमचा जाईल, खर्च आमच्या ऐपतीबाहेरचा होईल आणि हाती काही लागेलच असे नाही. "मी तुमच्या जागी असतो तर नसते केले," ते म्हणाले. "पण ड्राइव्ह फेकू नका."

अब्बांनी मुलीकडे पाहिले. तिने मान हलवली आणि ड्राइव्ह पुन्हा रुमालात गुंडाळला.

त्या रात्रीच आम्ही नऊ फाईलींच्या नकला केल्या. एक अब्बांच्या मोबाईलवर, एक शाळेच्या संगणकावर आणि एक भिवंडीला तिच्या फूफीकडे पाठवली. सगळ्या एकाच गावात नकोत, हे अब्बांनीच सुचवले. पुढचे आठ दिवस मुलगी शाळा सुटल्यावर एकेक फाईल ऐके आणि वहीत तिचे नाव लिही. 'मागावरचा पहिला दिवस', 'दादीचे लग्न', 'दंगलीतली रात्र', 'जकातीचे पीठ'. क्रमांकांना पुन्हा नावे मिळाली.

महिनाअखेर तिने आपले लेखन माझ्याकडे दिले. तिसरी आठवण वाक्याच्या मध्येच सुरू होत होती: '...आणि मग बैल तिथेच बसले.' कोणते बैल, कुठे बसले, हे त्या पानावर नव्हते. तिने ते वाक्य आधी-नंतर काही न जोडता तसेच ठेवले होते. पहिल्या दोन आठवणींसाठी वहीत चार पाने होती. त्यांवर थोडाच मजकूर होता आणि तोही मधूनमधून तुटलेला.

"हा रंग वेगळा का?" मी विचारले.

"सर, निळ्या शाईने लिहिले ते दादाजाननी सांगितलेले," ती म्हणाली. "हिरव्या शाईने लिहिले ते मला आठवते तेवढे."

शब्दार्थ

वडीलधारा – घरातील बुजुर्ग. हकीकत – घडलेली गोष्ट, हकीकत. स्थायिक होणे – कायमचे राहू लागणे, आबाद होणे. अंथरुणाला खिळणे – आजारपणामुळे उठता न येणे. स्मृती – याद, हाफिजा. नियंत्रक – ताबा ठेवणारा. शाबूत – न मोडलेले, साबूत. आज्ञावली – संगणकाला दिलेल्या सूचनांचा संच. अनुक्रमणिका – पुस्तकातील धड्यांची यादी, फेहरिस्त. ऐपत – खर्च करण्याची ताकद, हैसियत. घोगरा – बसलेला (आवाज).

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मुलीने आठवणी कशावर रेकॉर्ड केल्या होत्या?
(आ) फ्लॅश मेमरी हे नाव कशावरून पडले?
(इ) ड्राइव्ह संगणकाला दिसेनासा का झाला होता?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) "फॉर्मॅटचे एवढे काही नाही. चित्रफीत टाकायला नको होती," असे कारागीर का म्हणाले?
(आ) लेखकाने नियंत्रकाला मुनीम का म्हटले आहे?
(इ) पहिल्या दोन आठवणी का मिळाल्या नाहीत?

प्र. ३. वाक्यांत उपयोग करा: पदरात पाडून घेणे, नेम नसणे, मान हलवणे.

प्र. ४. नक्कल, दप्तर, हकीकत हे शब्द उर्दूत आणि मराठीत आढळतात. असे आणखी पाच शब्द शोधा. त्यांच्या उच्चारात किंवा अर्थात काही फरक असल्यास तो लिहा.

प्र. ५. तुमच्या घरातील वडीलधाऱ्या माणसाची एक आठवण ऐका आणि ती दहा ओळींत मराठीत लिहा.